घरमालकाची बंदूक आणि आत्मरक्षणाचा कांगावा

३ जुलै २०११. रविवारचा दिवस. चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्याच्या परिसरात लष्करी अधिकाऱ्यांची निवासस्थाने आहेत आणि त्यांच्या भिंतीपलीकडेच इंदिरा गांधी नगर नावाची झोपडवस्ती. त्या वस्तीतील तेरा वर्षांचा एक मुलगा आपल्या सवंगड्यांबरोबर भिंत ओलांडून आत गेला. आवारातील झाडाचे बदाम गोळा करावेत एवढाच त्याचा हेतू होता. भरदिवसा त्याच्यावर रायफलची गोळी झाडण्यात आली आणि तो मरण पावला.

सुरुवातीला लष्कराकडून आपला कोणीही जवान यात गुंतलेला नाही असे सांगून हात झटकण्यात आले. वस्तीतील माणसे संतापाने रस्त्यावर आली. तपास राज्याच्या सीबी-सीआयडीकडे गेला आणि आठवड्याभरात, १० जुलैला, त्याच वसाहतीत राहणाऱ्या एका नुकत्याच निवृत्त झालेल्या लेफ्टनंट कर्नलला अटक झाली. रायफल कूवम नदीत फेकून देण्यात आली होती. ती त्या काळ्या गाळातून शोधून काढावी लागली. एप्रिल २०१२ मध्ये चेन्नईच्या जलदगती न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला खुनाबद्दल जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

घटना जुनी झाली, परंतु तिच्यातून उभा राहणारा प्रश्न जुना झालेला नाही. कोठे दरोडा पडला, कोठे म्हाताऱ्या दांपत्याची हत्या झाली, की सुखवस्तू वर्गाच्या दिवाणखान्यांतून आणि त्यांच्या वृत्तपत्रांतून एकच ओरड सुरू होते : कायदा चोराच्या बाजूचा आहे, घरमालकाचे हात बांधले आहेत, आपल्या घरात शिरलेल्याला गोळी घालण्याचा निर्वेध अधिकार नागरिकाला मिळाला पाहिजे. या ओरडीमागे काही ठिकाणी खरी भीती असते, काही ठिकाणी निव्वळ मालमत्तेची मग्रुरी. दोहोंची गल्लत करणे हाच या प्रचाराचा हातखंडा आहे. तेव्हा प्रथम कायदा काय म्हणतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण बंदूक बाळगणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

कायदा काय देतो आणि काय देत नाही

खाजगी बचावाचा हक्क हिंदुस्थानच्या कायद्यात आहे आणि तो तोकडा नाही. जुन्या दंडसंहितेची कलमे ९६ ते १०६ आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ यांचा आशय जवळजवळ तोच आहे. स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचेही रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हल्ला झाल्यास पळून गेलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. बचाव करणाऱ्याने प्रत्येक घाव सोन्याच्या तराजूत तोलून घालावा अशी अपेक्षा नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. १९६८ च्या मुन्शीराम खटल्यात तर आरोपीने हा बचाव स्पष्ट शब्दांत मांडला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाने तो विचारात घ्यावा, इतपत उदार भूमिका घेण्यात आली. म्हणजे ‘कायदा चोराच्या बाजूचा’ ही बोंब मुळातच खोटी आहे.

परंतु हा हक्क चार भिंतींनी बंदिस्त आहे. सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवसर असेल तर तो हक्क नाही. आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही. धोका संपला की हक्कही संपतो. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की मालमत्तेसाठी माणसाचा जीव घेण्याची मुभा मोजक्याच प्रसंगी आहे : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीला आग लावणे, आणि साधी चोरी, नासधूस वा घरात घुसखोरी असेल तर ती अशा परिस्थितीत की अडवले नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी. या प्रसंगांबाहेरच्या चोरीला व घुसखोरीला प्रतिकार करता येतो, धरता येते, इजाही होऊ शकते, पण जीव घेता येत नाही. जुन्या संहितेतील कलम १०४ आणि नव्यातील ४२ यांनी ही रेघ स्वच्छ आखली आहे.

आता चेन्नईच्या त्या आवारात ही रेघ लावून पाहावी. वेळ दिवसाची. जागा आवाराची, घराच्या आतली नव्हे. समोर लेकरू, हाती शस्त्र नाही. चोरीचा ऐवज झाडाखाली पडलेले बदाम! ज्या हानीबद्दल सामान्य समजुतीचा माणूस तक्रारही करणार नाही अशा क्षुल्लक हानीला गुन्हा मानू नये, असे सांगणारे कलमही (जुने ९५, नवे ३३) त्याच संहितेत आहे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये केलेल्या मसुद्यातून निपजलेल्या या संहितेला एवढे शहाणपण सुचले होते. ते राष्ट्राच्या सैन्यात उच्च अधिकारपदापर्यंत चढलेल्या माणसाला सुचू नये, यात केवळ त्या एका माणसाच्या स्वभावाचा प्रश्न नाही. भिंतीपलीकडच्या वस्तीकडे रोज ज्या नजरेने पाहिले जाते, त्या नजरेचा हा प्रश्न आहे. वस्तीतले पोर म्हणजे चोर, हे समीकरण बंदुकीचा चाप ओढण्याच्या कितीतरी आधी तयार झालेले असते.

‘नुसते घाबरवायचे होते’

अशा प्रकरणांत ‘फक्त घाबरवण्यासाठी बार काढला’ हा खुलासा हमखास केला जातो. परवानाधारकांमध्ये असाही समज पसरलेला आहे की हवेत किंवा पायांवर झाडले तर कायदा डोळेझाक करतो. हा समज घातक आहे. भरलेली बंदूक माणसाच्या दिशेने रोखून चाप ओढणाऱ्याचा हेतू न्यायालय त्याच्या तोंडी शब्दांवरून ठरवीत नाही. शस्त्र कोणते, अंतर किती, गोळी शरीराच्या कोणत्या भागात लागली, पाठीत लागली की छातीत, यावरून ठरवते. गोळी पाठीत असेल तर आत्मरक्षणाची अर्धी कहाणी शवविच्छेदनाच्या टेबलावरच कोसळते. जयदेव खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. शेताच्या वादात चालून आलेला जमाव पळू लागल्यावर पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्यांना बचावाचे कवच मिळाले नाही.

या हक्काची दुसरी बाजूही पाहावी. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात बापावर गंडाशाने वार होत असताना मुलाने गोळी झाडली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पण कोणत्या वाटेने? सत्र न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, आणि मग दिल्लीपर्यंत जाऊन सुटका. ज्याची बाजू खरी होती त्याचीही ही कथा.

घरमालकाने हे व्यवहाराच्या भाषेत समजून घ्यावे. गोळी झाडून माणूस मेला की प्रथम गुन्हा नोंदला जातो, झाडणाऱ्याला अटक होऊ शकते, बंदूक जप्त होऊन प्रयोगशाळेत जाते, परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो. आत्मरक्षणाची परिस्थिती होती हे दाखवण्याचा भार पुरावा कायद्याने आरोपीवर टाकलेला आहे. सरकारी पक्षाइतका काटेकोर पुरावा त्याने द्यावा असे नाही, त्याची हकीगत संभवनीय ठरली की पुरे. पण ती संभवनीय ठरवण्यासाठी वकील लागतो, वर्षे लागतात, पैसा लागतो. हक्क होता पण सद्भावनेने त्याची मर्यादा ओलांडली, असे न्यायालयाला वाटले तरी सुटका होत नाही. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होतो, आणि त्यालाही प्रसंगी जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शस्त्र कायद्याची कलमे वेगळीच. आणि गोळी झाडून वर पुरावा लपवला, बंदूक नदीत टाकली, तर आत्मरक्षणाची भाषा बोलायला तोंडच उरत नाही. ज्याने न्याय्य बचाव केला तो बंदूक कूवममध्ये कशाला फेकेल?

भीती खरी, उपाय खोटा

तामिळनाडूतील एकाकी घरांत राहणाऱ्यांची भीती काल्पनिक आहे असे कोणी म्हणणार नाही. जानेवारी २००५ मध्ये चेन्नईच्या उत्तरेस गुम्मिडीपूंडी मतदारसंघाचे अण्णाद्रमुकचे आमदार के. सुदर्शनम यांना त्यांच्या राहत्या घरात दरोडेखोरांनी गोळ्या घालून ठार केले. त्याआधीची दहा वर्षे महामार्गालगतच्या घरांवर उत्तरेकडून येणारी ही टोळी रात्री तुटून पडत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिरुप्पूर जिल्ह्यात पल्लडमजवळच्या शेतघरात वृद्ध दांपत्य व त्यांचा मुलगा अशा तिघांना मारण्यात आले. २०२५ मध्ये इरोड जिल्ह्यात शिवगिरीजवळ आणखी एका वृद्ध दांपत्याचा बळी गेला. शेतावर एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची मुले शहरात आणि परदेशात पोटासाठी गेलेली. रात्री हाकेला शेजार नाही. हे दुःख खरे आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही.

पण त्या दरोडेखोरांचा बंदोबस्त कोणी केला? सुदर्शनम यांच्या हत्येनंतर पोलिसांचे विशेष पथक नेमले गेले, बोटांचे ठसे राज्याराज्यांतील नोंदींशी ताडून पाहण्यात आले, तपास उत्तर भारतापर्यंत पोचला आणि टोळी मोडली. ते काम चिवट, कंटाळवाण्या सार्वजनिक यंत्रणेचे होते, उशाशी ठेवलेल्या दुनळीचे नव्हे. वास्तविक या हत्येतून निघणारा प्रश्न असा की हाच तपास दहा वर्षे आधी का झाला नाही? आमदार मरेपर्यंत सामान्य घरांतले बळी कोणाच्या खिजगणतीत का नव्हते? हा प्रश्न सत्ताधाऱ्यांना विचारण्याऐवजी ‘प्रत्येकाने आपापले पाहावे, बंदूक घ्यावी’ असा उपदेश करणारे लोक नेमके कोणाला जबाबदारीतून मोकळे करतात हे उघड आहे.

झोपलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाच्या हाती मध्यरात्री बंदूक येईल, ती भरलेली असेल, अंधारात त्याला शत्रू ओळखू येईल आणि संख्येने अधिक असलेले दरोडेखोर तोवर थांबून राहतील, ही कल्पना चित्रपटात शोभते. प्रत्यक्षात घरातली बंदूक हीच दरोडेखोरांच्या दृष्टीने चोरण्याजोगी वस्तू असते.

परदेशाचे दाखलेही नेहमी अर्धेच दिले जातात. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यातील एका शेतकऱ्याने १९९९ मध्ये रात्री घरात शिरलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला पाठीत गोळी घातली. त्याला २००० मध्ये खुनाबद्दल जन्मठेप झाली. २००१ मध्ये अपिलात मानसिक अवस्थेच्या कारणावरून ती सदोष मनुष्यवधावर व पाच वर्षांवर आली. तेथील वृत्तपत्रांनी त्याला हुतात्मा बनवले आणि पुढे २०१३ च्या कायद्याने घरमालकाला काहीशी सूट मिळवून दिली. अमेरिकेत फ्लोरिडाने २००५ मध्ये ‘माघार घेण्याची गरज नाही’ असा कायदा करून बंदूकवाल्यांना रान मोकळे केले, आणि दुसऱ्या अनेक राज्यांनी ती वाट धरली. ज्या देशात शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क मानला जातो आणि शाळकरी मुलांना गोळीबारापासून लपण्याचे धडे द्यावे लागतात, त्या देशाकडून ‘सुरक्षितता’ शिकायची असेल तर ज्याने त्याने आपल्या अकलेचा विचार करावा. हिंदुस्थानात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अमेरिकेशी तुलना करूनच सांगितले आहे.

कोणाच्या हातात बंदूक?

शस्त्रपरवान्याचा इतिहास पाहिला की या प्रश्नाची वर्गीय बाजू उघडी पडते. ज्या साम्राज्याच्या संहितेने हिंदी माणसाला कागदावर खाजगी बचावाचा हक्क दिला, त्याच साम्राज्याच्या व्हाइसरॉय लिटनने १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्याच्या हातातील शस्त्र काढून घेतले. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. मर्जीतल्या जमीनदारांची बंदूक भिंतीवर टांगलेली राहिली, रयतेची गेली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, गोऱ्या-काळ्याचा भेद गेला. पण परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या वा पोलिस आयुक्तांच्या कचेरीत ज्यांचे वजन पडते ते कोण, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी विचारावे.

या बंदुकांनी गरिबाचे संरक्षण केल्याचे उदाहरण शोधावे लागते. उलट उदाहरण शोधावे लागत नाही. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात कीळवेण्मणी येथे मजुरीत थोडी वाढ मागणाऱ्या, लाल बावट्याखाली संघटित झालेल्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांची टोळी बंदुका घेऊन चालून आली. जीव वाचवण्यासाठी एका झोपडीत कोंडून घेतलेली चव्वेचाळीस माणसे, बहुतांश स्त्रिया आणि मुले, जाळून मारण्यात आली. खालच्या न्यायालयाने जमीनदारांना दिलेल्या शिक्षा मद्रास उच्च न्यायालयात रद्द झाल्या. मोटारी बाळगणारे श्रीमंत मिरासदार स्वतः पायी जाऊन आग लावतील हे न्यायालयाला पटले नाही.

राहत्या घराला आग लावणाऱ्याविरुद्ध जीव घेण्यापर्यंत बचावाचा हक्क आहे, असे दंडसंहिता सांगते. कीळवेण्मणीच्या मजुरांइतका हा हक्क दुसऱ्या कोणाला होता? परंतु त्यांच्याकडे परवाना नव्हता, बंदूक नव्हती आणि त्यांच्यासाठी वेळेवर धावून येणारे पोलिसही नव्हते. म्हणून ‘घरमालकाचा आत्मरक्षणाचा हक्क’ वाढवून द्या असे जे म्हणतात, त्यांना विचारावे : घर म्हणजे कोणते घर? भिंत असलेले, की जळणारे?

चेन्नईच्या प्रकरणात निकाल वेगळा लागला, याचे श्रेय निव्वळ कायद्याच्या शब्दांना देणे भोळेपणाचे होईल. तो शब्द १९६८ मध्येही तोच होता. २०११ मध्ये वस्तीतील लोक गप्प बसले नाहीत, घटना राजधानीच्या मध्यभागी घडली होती, ती दडपणे कठीण होते. पोलिस तपास नेटाने झाला हे मान्य केलेच पाहिजे. मालमत्ता आणि जीव यांच्यामध्ये कायद्याने आखलेली रेघ ही श्रमिकांच्या दृष्टीने राखण्याजोगी रेघ आहे, आणि ती पुसण्याची जी मागणी ‘सज्जनांच्या सुरक्षिततेच्या’ नावाने होते तिला विरोध झाला पाहिजे.

गोळी मालकाची, तुरुंग रखवालदाराचा

एक गोष्ट या चर्चेत कोणीच काढत नाही. ज्याला खरोखर मोठी मालमत्ता राखायची आहे तो स्वतः बंदूक चालवत नाही. तो बंदूकवाला नोकर ठेवतो. चेन्नई असो, मुंबई असो, बँकेच्या दारात, सराफी पेढीपुढे, गोदामावर एखादा निवृत्त जवान उभा असतो. ‘स्वतःची परवानाधारक बंदूक असणाऱ्यास प्राधान्य’ अशी अट घालून त्याला घेतलेले असते. बारा बारा तासांची पाळी, कंत्राटदाराचा हप्ता कापून हाती येणारा पगार. बंदूक त्याची, परवाना त्याचा, आणि म्हणून गोळी सुटली तर आरोपीही तोच. दुसऱ्याच्या मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क कायद्याने त्याला आहे, पण मर्यादा त्याच आहेत : पळणाऱ्या चोरावर झाडता येत नाही, भुरट्या चोरीसाठी जीव घेता येत नाही. मालक मात्र त्याला सांगतो, ‘कोणी आत आला तर सोडू नको.’ हा तोंडी हुकूम खटल्यात मालकाला आठवत नाही.

महाराष्ट्रात १९८१ चा खाजगी सुरक्षा रक्षक कायदा व त्याखालील मंडळे आहेत; इतर राज्यांत २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली परवाने घेतलेल्या एजन्सी आहेत. सुरक्षा रक्षकांत काम करणाऱ्या संघटनांनी वेतनाबरोबर हाही प्रश्न हाती घेतला पाहिजे. शस्त्र पुरवण्याची जबाबदारी व परवान्याची जोखीम मालकाने उचलावी. गोळी केव्हा झाडायची नाही याचे लेखी आदेश रक्षकाच्या भाषेत त्याच्या हाती असावेत. कर्तव्यावर असताना गुन्हा दाखल झाल्यास वकिलाचा खर्च आणि कुटुंबाचा पगार मालकाने द्यावा. आणि मर्यादेबाहेर झाडण्याचा हुकूम देणारा मालक रक्षकाच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहावा.

तोवर तरी प्रत्येक सशस्त्र रखवालदाराने हे माहीत करून घ्यावे की दागिन्यांची पेटी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत मारलेल्या गोळीचा हिशेब न्यायालय त्याच्याकडे मागते, आणि दागिन्यांचा विमा मालकाने आधीच उतरवलेला असतो.